चिबडातला नंदी

आमच्या ह्यांना खोटं बोलायला येत नाही. बोलायला लागले की हात पँटच्या खिशात जातात, कानाच्या पाळ्या लाल होतात, आणि एरवी हाय-न्हाय करणारा माणूस एकदम शाळामास्तरासारखा शुद्ध बोलायला लागतो. एवढ्या संसारात मला एकदाही फसवता आलं नाही बिचाऱ्यांना. आमच्या व्याह्यांना मात्र ते शेताबद्दल वर्षानुवर्षं फसवत आले, कारण व्याही समोरच्याच्या तोंडाकडं बघतच नाहीत. स्वतः बोलत असले की त्यांना दुसरं काही दिसत नाही, आणि ते सदा बोलतच असतात.

माझ्या मालकांचं नाव संगप्पा. सोलापुरात एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, आता रिटायर. गरीब स्वभाव म्हणजे किती? हॉटेलात चहा गार आला तरी तसाच पिणार. वर मलाच सांगणार, "राहू दे गं नीलम्मा, पोरगं कामात हाय." गल्लीतल्या सगळ्यांच्या स्कूटरी ह्यांनी फुकट दुरुस्त करायच्या आणि लग्नात ह्यांनीच शेवटच्या पंगतीला बसायचं. मला राग येतो, मी बोलते, ते ऐकून घेतात. असा आमचा संसार.

गावाकडं आमचं शेत आहे, अक्कलकोटच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, व्हायची तेवढी शोभा झालीय. माझे सासरे, मडिवाळप्पा, शेवटपर्यंत तिथंच राहिले. काळी, लोण्यासारखी जमीन. जोंधळा असा यायचा की आत शिरलेला माणूस दिसत नसे. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि शेत असलं तर स्वतःच्याच शेतात. मामंजींना तसंच ठेवलं, शेताच्या खालच्या अंगाला, जिथं ते दुपारी भाकरी खायला बसायचे. ह्यांनी वर दगडी चौथरा बांधला आणि चौथऱ्यावर बसवायला एक छोटा नंदी स्वतः मांडीवर घेऊन एसटीतनं नेला. त्या नंदीचंसुद्धा तिकीट काढायला निघाले होते. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मेकॅनिकसाहेब, लाजवू नका."

मग वरच्या बाजूनं कालवा आला. गावानं फटाके उडवले. पण कालवा पाझरायला लागला, आणि खालच्या रानांत पाणी नुसतं वर येऊ लागलं. नांगर घातला तर चिखल, पेरलं तर कुजलं. अशा जमिनीला आमच्याकडं चिबड म्हणतात, आणि शेतकऱ्याला त्याचं शेत चिबड झालं म्हणून सांगणं म्हणजे तोंडावर थुंकण्यातलाच प्रकार आहे. खालच्या सगळ्या शेतकऱ्यांनी बैठक घेतली. एक लांब चर काढायचा, सगळ्यांच्या रानांतनं, थेट ओढ्यापर्यंत. आखणी झाली. आमच्या शेतात चर बरोबर सगळ्यात सखल जागेतनं जात होता, म्हणजे मामंजींवरनं. समाधी हलवावी लागणार होती.

हे बैठकीतनं आले ते जेवलेच नाहीत. मी ताट पुढं सारलं तर म्हणाले, "बापाला उकरून बाजूला ठेवू व्हय?" झालं. चर शेजाऱ्याच्या बांधापर्यंत आला, आमच्या हद्दीवर थांबला, आणि वळून दुसऱ्याच्या रानातनं ओढ्याला गेला. बाकीच्यांची शेतं वाचली. आमच्यात पाणी साठलं. आधी लव्हाळा आला, मग पाणकणीस, मग बेशरमाची झुडपं, आणि शेवटी पाणी चौथऱ्याला लागलं. बापाला धक्का लागू नये म्हणून ज्यानं चर काढू दिला नाही, त्याच्याच बापाभोवती तळं झालं. गावात पोरं त्याला संगप्पाचं तळं म्हणतात. ह्यांनी ते ऐकलंय. तेव्हापासून मामंजींच्या तिथीला एकटेच जातात, कालव्यावर उभे राहतात आणि तसेच परत येतात. मला सांगतात, "शेतावर जाऊन आलो." आत म्हणून गेले नाहीत कधी.

आता व्याह्यांचं सांगते. मल्लिनाथ त्यांचं नाव, मोहोळला शेती. आमच्या दाक्षायणीचं लग्न त्यांच्या शिवूशी ठरलं तेव्हा आमचं शेत, त्यांनी बघितलं नसलं तरी, खरंच चांगलं होतं, त्यामुळं त्या वेळी कुणी कुणाला फसवलं नाही. फसवणूक सुरू झाली येळामवस्येपासून. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं शेतावर जेवण असतं. अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे सगळं डोक्यावर घेऊन शेतावर जायचं, पूजा करायची, चारी बाजूंना अंबील शिंपडायची आणि बांधावर पंगत बसवायची. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं आग्रहानं न्यायचं. त्या दिवशी सोलापूर अर्धं रिकामं होतं. आता शेत असलेला माणूस दुसऱ्याच्या बांधावर जेवायला जातो का कधी? आम्ही जातो. दर वर्षी मोहोळला. मल्लिनाथ दर वर्षी विचारतात, "पावणं, तुमच्या शेताला कवा नेणार?" आणि ह्यांचे हात खिशात. "रस्ता खराब झालेला आहे." "बटईदाराकडे सुतक आहे." एका वर्षी तर, "यंदा ज्वारी कमरेपर्यंत आलेली आहे, तुडवली जाईल." मी ताटात बघत राहिले. कमरेपर्यंत काय आलं होतं ते मला ठाऊक होतं.

यंदा येळामवस्येच्या आधीचा रविवार आला आणि माझ्या नातीनं डाव उलटवला.

काव्या, दाक्षायणीची पोर, चौथीत आहे. शिवूचं दुकान सोलापुरातच, त्यामुळं शाळा सुटली की ती आमच्याकडंच असते. तिला शाळेत नेणारा अतीक हा भला पोरगा. आठवडाभर पोरं पोचवतो आणि हिवाळ्यात रविवारी त्याच गाडीतनं लोकांना पक्षी दाखवायला नेतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि पक्ष्यांचा असा नाद की गाडी चालवताना तारेवर काय बसलंय ते आधी बघतो, मग समोर. त्यानं ह्या वेळी कुटुंबासकट एका तळ्यावर फिरायचं काढलं होतं. काव्यानं हट्ट धरला, दोन्ही अज्जा, म्हणजे दोन्ही आजोबा, पाहिजेत. मल्लिनाथ आदल्या दिवशीच मोहोळहून येऊन राहिले. जावई दुकान सोडून येऊ शकला नाही. मग आम्ही पाच जण निघालो, आणखी तीन-चार घरची माणसं होती. मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे बांधून घेतले. कुठं जायचंय हे कुणी विचारलंच नाही. तळं म्हटल्यावर तळं, आपल्याला काय करायचंय?

वळसंग मागं पडलं तेव्हा हे जरा सरळ बसले. गाडी कालव्याच्या रस्त्याला वळली आणि ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी बाहेर बघितलं तर आमच्याच शेताचा रस्ता. मागच्या सीटवरनं दाक्षायणी हळूच म्हणाली, "अव्वा, ह्यो रस्ता..." मी म्हटलं, "गप बस."

"पावणं!" मल्लिनाथ पुढच्या सीटवरनं वळून ओरडले. "तुमचं गाव ह्याच अंगाला की वो!"

"आहे, पण बरेच लांब आहे," हे म्हणाले.

"लांब म्हंजी किती लांब? आता आलोच हाय तर जाता जाता तुमचं शेत बघूनच जाऊ. जोंधळा बघू तुमचा. अतीक, परत जाताना गाडी घ्यायची बरं का ह्यांच्या गावात!"

"घेऊ की काका," अतीक म्हणाला. त्याला काय माहीत?

हे म्हणाले, मला मळमळते आहे, मी इथेच उतरतो. काव्यानं लगेच पिशवीतनं लिंबाची गोळी काढून ह्यांच्या तोंडात घातली. आता गोळी तोंडात घेऊन माणूस किती मळमळणार? बसले गप.

गाडी कालव्यावर थांबली. खाली आमचं शेत. सगळे उतरून पाण्याच्या काठाशी गेलो.

खरं सांगू का, सुंदर होतं. त्याचाच मला राग आला. उन्हं नुकती वर आलेली, पाण्यावर वाफ, आणि त्या वाफेत इतके पक्षी की कुठनं बघावं कळेना. लांब लाल पायांचे शेकाटे, चमच्यासारख्या चोचीचे पांढरे, निळ्या-जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यातनं सासरवाशिणीसारख्या दबकत चाललेल्या. माणसं नुसती "अगंबाई, अगंबाई" करत होती. जिथं आम्ही हुरडा भाजायचो तिथं बदकं. अतीक सगळ्यांना हळू आवाजात सांगत होता, "ओरडायचं नाय, दगड मारायचा नाय, पाण्यात पाय टाकायचा नाय. त्यांचं घर हाय, आपण पाव्हणे." ह्यांनी मान खाली घातली. स्वतःच्या शेतात पाव्हणा म्हणून उभं राहायचं, आणि वर नियम ऐकायचे!

मल्लिनाथना पक्ष्यांचं काही नव्हतं. शेतकरी माणूस, त्यांनी खाली वाकून माती उचलली, बोटांत चुरली. "अरारारा! काय जमीन हुती ही! वाटोळं केलं की. कुणाची हाय रं अतीक?"

"माहीत नाय काका. गावात विचारलं तर नुसते हसतात."

"हसतीलच की! ते बघा, शेजाऱ्याच्या बांधापतोर चर आलाय आन् हितं येऊन थांबलाय. सगळ्यांनी काढला, ह्या एकट्या बाबाला कुदळ जड झाली. आळशी माणूस असणार. शहरात कुटंतरी पंख्याखाली बसला असंल." आणि वळून, "काय वो पावणं? खरं का न्हाय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. मनात म्हटलं, आता बोला. एवढं एक वाक्य बोला, माझी शेती आहे म्हणावं आणि मोकळं व्हावं. काय होईल? चार दिवस हसतील.

हात खिशात गेले. "हो," हे म्हणाले. "अगदी खरे आहे."

मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. दाक्षायणीनं पदर तोंडाला लावला. तिची नजर मला सांगत होती, अव्वा, तू काही बोलू नकोस, सासऱ्यांसमोर नको. एरवी भाजीवाल्याला सोडत नाही मी, पण त्या दिवशी तोंडाला कुलूप लागलं.

तेवढ्यात काव्या नाचायला लागली. "अज्जा! तो बघ की, दगडावर! पंख वाळत घालतोय!"

पाण्याच्या मधोमध चौथरा होता. आता वीतभरच वर उरलेला. चौथऱ्यावर नंदी, आणि नंदीच्या डोक्यावर एक काळा पाणकावळा दोन्ही पंख पसरून बसला होता. वल्ली धोतरं वाळत घालावीत तसा. पोरं हसायला लागली. काव्यानं अतीकची दुर्बीण घेऊन ह्यांच्या डोळ्यांना लावली. "दिसला का? दिसला का अज्जा?"

इतक्या वर्षांत हे कालव्याच्या खाली उतरले नव्हते. त्या दुर्बिणीतनं पहिल्यांदा जवळनं बघितलं असणार. मीही नंतर बघितलं. नंदीचा एक कान तुटलेला, पाठीवर शेवाळ, आणि तोंडावरनं खाली पांढरे ओघळ, पक्ष्यांच्या विष्ठेचे. ह्यांनी दुर्बीण काव्याच्या हातात परत दिली.

"छान आहे," म्हणाले.

"बघू, बघू, मला बी दाव," म्हणत मल्लिनाथनी दुर्बीण घेतली. आणि ते गप्प झाले. हा माणूस गप्प झालेला मी कधी बघितला नव्हता. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, चपला काढल्या, चिखलात अनवाणी उभे राहिले.

"दगड न्हाय ह्यो. नंदी हाय," ते म्हणाले. "समाधी हाय ही. आपल्यातलीच कुणाची तरी."

मल्लिनाथनी शर्टाच्या खिशातनं विभूतीची पुडी काढली, स्वतः लावली, काव्याच्या कपाळाला लावली. "हात जोड पोरी. कुणाचा तरी अज्जा हाय त्यो. पाण्यात बसलाय बिचारा." काव्यानं डोळे मिटून हात जोडले. दाक्षायणीनं जोडले, मी जोडले. अतीकनंही मान खाली घातली. आमचे हे तेवढे खिशात हात घालून उभे.

"पावणं, चप्पल काढा की."

"माझ्या पायाला लागलेले आहे," हे म्हणाले.

मल्लिनाथनी लक्षच दिलं नाही. नमस्कार झाला आणि त्यांचं तोंड परत सुरू झालं, पण ह्या वेळी चेष्टा नव्हती, खरा संताप होता. "शेत बुडवलं तर बुडवलं. पर बापाला पाण्यात ठिवून हे नालायक बेणं कुटं मजा मारतंय कुणास ठावं! असल्याच्या हातचं पाणी पिऊ नये."

ह्यांच्या खांद्याला माझ्या कडक भाकरीची पिशवी होती. ती त्यांनी खांद्यावरनं काढून माझ्याकडं दिली. मला वाटलं, आता गाडीत जाऊन बसणार. जाऊ दे, म्हटलं, बसू दे.

त्याच वेळी पलीकडं एक गृहस्थ, हातभर लांबीचा कॅमेरा घेऊन आलेले, कंटाळले. त्यांना पाणकावळा उडताना पाहिजे होता आणि तो काही उडेना. त्यांनी वाकून एक ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. पाणकावळ्याला नाही लागलं, नंदीला लागलं. टक् असा आवाज आमच्यापर्यंत आला.

अतीक त्या माणसाकडं धावला. आणि हे पाण्यात शिरले.

असं नाही की विचार करून, पँट दुमडून. सरळ. इस्त्रीची पँट, चपला, सगळ्यासकट. पहिल्या दोन पावलांतच गुडघ्यापर्यंत गेले, मग मांडीपर्यंत. लव्हाळा हातानं बाजूला करत, पडत, उठत. पक्षी उठले. आधी जवळचे, मग सगळेच. बदकं, शेकाटे, पांढरे, जांभळ्या पाणकोंबड्यासुद्धा फडफडत पळाल्या. वर आकाश भरून गेलं आणि खाली पाणी रिकामं झालं. लोक ओरडायला लागले. कुणी म्हणालं, "ओ आजोबा!" कुणी म्हणालं, "अडाणी माणूस आणलाय कुणी?" काव्या रडकुंडीला आली. "अज्जा, तू सगळे पक्षी उडवलेस! सगळ्यांसमोर!"

अतीकचाही तोल गेला. "काका, मागं या! सांगितलं होतं ना? कुणाला विचारून गेलात आत?"

हे चौथऱ्यापाशी पोचले होते. खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढून त्यांनी नंदीचं तोंड पुसायला सुरुवात केली. अतीकनं परत तेच विचारलं. तेव्हा ते वळले. माझ्या आयुष्यात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता, रागाचा नाही, रडण्याचाही नाही, फाटलेला.

"माझा बाप हाय तितं!"

पक्षी वर घिरट्या घालत होते तेवढाच आवाज. मल्लिनाथ माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. ते बांधावर मटकन खाली बसले, आणि टोपी हातात चुरगाळत बसून राहिले.

हे आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल, एक चप्पल आत राहिलेली, टॉवेल हिरवा-काळा झालेला. मान वर करेनात. मल्लिनाथसमोर येऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"तुमाला शेत बघायचं हुतं न्हवं?" म्हणाले. "बघा. हेच."

मल्लिनाथनी हळूच विचारलं, "चर का न्हाई काढला पावणं?"

"त्यांच्या अंगावरनं जात हुता."

मल्लिनाथनी वळून बघितलं. शेजाऱ्याच्या बांधापर्यंत आलेला चर, मग चौथरा, आणि दोहोंच्या मधली सरळ रेघ. शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"मी मघाशी लई बोललो," ते म्हणाले. "आळशी म्हटलं, नालायक म्हटलं. मला म्हाईत न्हवतं वो. ते मनात—"

"तुमाला म्हाईत न्हवतं," हे म्हणाले. "मला म्हाईत हुतं. तुमी इचारलं, खरं का न्हाय, आन् मी व्हय म्हटलं. ह्यांच्या देखत म्हटलं." आणि त्यांनी पाण्याकडं बोट केलं. ओल्या टॉवेलनंच तोंड पुसलं आणि तोंडभर चिखल झाला. माझा सगळा राग तिथंच गळून गेला. मी पदर ओला करून त्यांचं तोंड पुसलं, एवढ्या लोकांसमोर. लाज वाटायला आता राहिलंच काय होतं?

अतीक येऊन नुसता उभा राहिला. "काका, माफ करा, मला—" म्हणाला. हे म्हणाले, "न्हाय रं बाळा. तुजे पक्षी उडवले मी." कॅमेरावाले गृहस्थ आधीच गाडीत जाऊन बसले होते. कडक भाकरी कुणी खाल्ली नाही. तशीच परत आली.

परतताना मल्लिनाथ पुढं बसलेच नाहीत. ह्यांच्या शेजारी बसले, त्या चिखलाशेजारी, धोतर खराब होईल ह्याची पर्वा न करता. वळसंग आलं, मग म्हणाले, "बीगरू." आमच्यात व्याह्याला कानडीत असं म्हणतात. लग्नानंतर त्यांनी ह्यांना एवढ्या मऊ आवाजात कधी हाक मारली नव्हती. "येळामवस्येला औंदा मोहोळला यायचं न्हाई."

ह्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, संबंध तुटला. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"आमी तुमच्याकडं येणार," मल्लिनाथ म्हणाले.

"कुटं बसवू तुमाला? चिखलात?"

"बांधावर बसू की. अंबील तर शिंपडायची. पाण्यात शिंपडली म्हणून काय जमिनीला पोचत न्हाय?"

पँटवरनं पाणी ठिबकत होतं, गाडीच्या फरशीवर डबकं झालं होतं, त्याच्याकडं हे बघत बसले.

काव्या इतका वेळ रुसून खिडकीशी बसली होती. पक्ष्यांचा राग तिला जात नव्हता. पण मोठ्या माणसांचं सगळं कानावर पडतच होतं. ती उठून आली आणि ह्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"अज्जा, ते कोण होते? त्यांचं नाव काय?"

"मडिवाळप्पा," हे म्हणाले. "माजे अप्पा. तुज्या आईचे अज्जा."

पोरीनं थोडा विचार केला. कपाळावरची विभूती अजून तशीच होती. "म्हणजे मी मघाशी आपल्याच अज्जांना हात जोडले?"

"व्हय."

"आईनं पण जोडले. आज्जीनं पण. मोहोळच्या अज्जांनी तर चपला पण काढल्या." ती एकेकाकडं बोट करत होती. मग तिनं ह्यांच्याकडं बघितलं. वाईट वाटावं म्हणून नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं तिनं. "मग तू का नाही जोडलेस?"

ह्यांचे हात खिशाकडं गेले. पण पँट ओली, खिसे चिखलानं भरलेले. हात तसेच मांडीवर पडून राहिले. मी वाट बघत होते, काहीतरी शुद्ध बोलतील म्हणून. दाक्षायणीनं काव्याला ओढून मांडीवर घेतलं.

तिला उत्तर अजून मिळालेलं नाही. ती रोज शाळेतनं आल्यावर विचारते, आणि हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात. परवा येळामवस्या आहे. काल मी विचारलं, मोहोळला फोन करून काय सांगू? ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "या म्हणावं," म्हणाले. अंबिलीचं मोठं मडकं माळ्यावर होतं, ते मी आज काढून घासून ठेवलं.